डावखुरं उलथणं

आईचं जुनं लाकडी उलथणं झिजून झिजून पाऊण राहिलंय. दांडा काळपट आणि गुळगुळीत, पात्याची कड एका बाजूला चांगलीच उतरलेली. दर आवराआवरीला ते टाकायचा विषय निघतो आणि दर वेळी ते निमूट ड्रॉवरमध्ये परत जातं.

मागच्या वर्षी तो ड्रॉवर मी रिकामा करत होतो. तळाशी विकतची तीन उलथणी निघाली, जवळजवळ कोरी. त्यातलं एक तर मीच आणून दिलेलं.

"ही का नाही वापरत गं?"

"हातात बसत नाहीत."

चारही उलथणी ओट्यावर शेजारी शेजारी ठेवली आणि मग डोक्यात प्रकाश पडला. विकतच्या तिन्हींचा उतार एकाच दिशेला होता. आईच्या जुन्याचा बरोबर उलट. आणलं तेव्हा ते सरळच होतं म्हणे. तो उतार तिनं भांड्याचा तळ खरवडून खरवडून स्वतः पाडलेला. आई डावखुरी आहे. मला हे जन्मापासून माहीत आहे, आणि तरीही तिच्यासाठी उजव्या हाताचं उलथणं घेऊन येणारा मीच.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, उलटं धरायचं. मीही तेच म्हणालो. आईनं त्यातलं एक उलटं करून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "खरवड." तेव्हा कळलं. पातं फक्त वरच्या अंगानं तासून पातळ केलेलं असतं आणि दांड्याला हलका बाक असतो. उलटं धरलं की बाक पोटाकडे जातो, मनगट अवघडतं आणि पातळ कड तळाला टेकण्याऐवजी घसरत राहते.

जुन्याचा उतार मोजला. साडेपाच सेंटिमीटर रुंदीत सात मिलिमीटर. कागदावर ठेवून पेन्सिलनं बाह्यरेषा काढून घेतली. दिवसभर संगणकासमोर आकडे जुळवणाऱ्या माणसाच्या आयुष्यातलं हे पहिलं कामाचं ड्रॉइंग.

हत्यारं म्हणावी तर फार नव्हती. एक करवत, वळणं कापायला कोपिंग सॉ, छोटा रंधा, अर्धगोल कानस आणि तुकडा पकडून ठेवायला दोन क्लॅम्प. या सगळ्यात अर्धगोल कानशीला मी वरचा नंबर देईन. सपाट बाजूनं पातं, गोल बाजूनं दांड्याची मान, दोन्ही तिनंच होतं. आणि क्लॅम्प दोनच हवेत, एक नाही. एकाच क्लॅम्पवर तुकडा गरकन फिरतो आणि कानस बोटाच्या सांध्यावर येते.

लाकडाची गोष्ट जरा लांबली. आमच्या वरच्या मजल्यावर सामान आलेलं, त्याचं पॅलेट, म्हणजे खाली ठेवायची फळ्यांची चौकट, कोणी तरी जिन्याखाली टाकलं होतं. फुकटचं लाकूड म्हणून मी दोन फळ्या काढून आणल्या. सुदैवानं रंधा मारण्याआधी त्यावरचा शिक्का वाचला. देशादेशांत फिरणाऱ्या पॅलेटवर कीड मारण्यासाठी काय केलं ते छापावं लागतं. 'एचटी' असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत किमान ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवलेलं. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. माझ्या फळ्यांवर एमबी होतं. आल्या तशा जिन्याखाली गेल्या. आणि एचटी असतं तरी आता मी ते स्वयंपाकघरात आणणार नाही, कारण त्यावर प्रवासात काय काय सांडलं ते कुठल्याच शिक्क्यावर लिहिलेलं नसतं. तसंच प्लायवूड, एमडीएफ, रंगवलेलं किंवा पॉलिश केलेलं जुनं फर्निचर, वाळवी लागू नये म्हणून औषध पाजलेलं लाकूड, सगळं बाद. झाड ओळखीचं नसेल तर त्याची फांदीही बाद. कण्हेरीसारखी झाडं दिसायला गोड आणि अंगात विष.

शेवटी फर्निचरचं काम करणाऱ्या एका सुतारकाकांकडे टाकाऊ तुकडे मागितले. त्यांनी विचारलं, "कशाला?" मी म्हटलं, "उलथणं." ते हसले आणि शिसवीचे चार तुकडे काढून दिले. वर एक परीक्षा शिकवली: नख दाबायचं. खूण उमटली तर लाकूड मऊ, सोडून द्यायचं. मग तुकड्याचं आडवं कापलेलं तोंड बघायचं. भोकं जितकी बारीक तितकं बरं, कारण मोठ्या भोकांत तेलकट पाणी आणि खरकटं मुरतं. रेड ओक नावाच्या लाकडाची भोकं तर इतकी मोकळी असतात की एका टोकाला साबणाचं पाणी लावून दुसऱ्या टोकातून फुंकलं तर बुडबुडे येतात. मेपल किंवा बीच दाट असतात, म्हणून लाकडी चमचे आणि फळ्या बहुधा त्यांच्याच.

आता पहिलं उलथणं. दांड्याला बाक हवा होता, म्हणून मी तुकड्यावर तो बाक जिथे मावला तिथे आखला आणि कापून काढला. दिसायला इतकं देखणं की मी त्याचा फोटो काढला. चौथ्या दिवशी आईनं पातेल्याचा तळ जरा जोरात खरवडला आणि दांडा मानेपाशी कट्टकन मोडला. दोन तुकडे हातात घेऊन बघितले. मोडलेली जागा धारदार, उभी फाटलेली नव्हती. बिस्किट मोडावं तशी आडवी तुटलेली. लाकूड म्हणजे बोरूंची मोळी समजा. बोरू लांबीनं पडले असतील तर मोळी वाकेल पण मोडणार नाही. माझ्या बाकापाशी ते बोरू दांड्याच्या लांबीत नव्हतेच, तिरके आडवे पडले होते. म्हणजे तिथे लाकूड नव्हे, फक्त बोरूंना एकमेकांशी चिकटवणारा डिंक भार पेलत होता.

"दिसायला छान होतं," आई म्हणाली. ती असं म्हणते तेव्हा समजायचं की विषय संपला.

दुसऱ्या वेळी मी घाबरून सगळंच जाड ठेवलं. लाकडाच्या धाग्यांच्या रेषा सरळ टोकापासून टोकापर्यंत, दांडा दोन सेंटिमीटर जाड. मोडण्याची बिशाद नव्हती. आईनं हातात घेतलं, तोललं आणि विचारलं, "नाव कुठाय?" ते वल्हं सध्या कपाटामागे पडलेली वस्तू ओढून काढायला वापरतो. उत्तम काम करतं.

तिसऱ्या वेळी मात्र आईलाच बाल्कनीत बसवलं. लांबी ३२ सेंटिमीटर, पातं सहा सेंटिमीटर रुंद, लाकूड जेमतेम सव्वा सेंटिमीटर जाड. बाक कापून काढण्याचा हट्ट सोडला. दांडा सरळच ठेवला आणि पात्याच्या पोटाला कानशीनं अगदी थोडा उतार दिला. मग पात्याची कड. ही जागा खरी नाजूक. वरच्या अंगानं तासत तासत कड दोन मिलिमीटरवर आणली. रंधा एका दिशेनं मारला की लोण्यासारखी सालपटं निघत होती, उलट दिशेनं मारला की खर्रकन टवका. तेव्हा कळलं की मांजरासारखंच लाकडालाही कुठून कुठे हात फिरवायचा ते विचारावं लागतं. तुकड्याच्या कडेला रेषा कुठल्या बाजूला वर चढतात ते बघायचं आणि चढाच्या दिशेनं हत्यार चालवायचं. टवका निघाला की हत्याराला धार लावण्याआधी दिशा बदलून बघावी.

दर पाच मिनिटांनी आई ते हातात घ्यायची, हवेत पातेलं खरवडायची आणि परत द्यायची. "इथे टोचतंय." बोट ठेवलेल्या जागी मी पेन्सिलनं फुली मारायचो, कानस फिरवायचो. दहा-बारा फुल्या झाल्या. दांड्याचा आकार त्यामुळे विचित्र आलाय. अंगठा येतो तिथे एक चपटी जागा, करंगळीपाशी किंचित फुगवटा. माझ्या उजव्या हातात तो दांडा अनोळखी माणसाशी हस्तांदोलन केल्यासारखा वाटतो.

घासकागदाचं काम कंटाळवाणं, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. ८० नंबर, मग १२०, मग १८०, मग २४०. एवढं झालं की वस्तू गालावर फिरवावीशी वाटते. तिथे थांबायचं नाही. ओल्या फडक्यानं पुसायचं आणि वाळू द्यायचं. वाळल्यावर हात फिरवा, दाढीचे खुंट वाढावेत तशी सगळीकडे तुसं उभी राहिलेली असतात. दाबलेले धागे पाणी पिऊन उठतात. ते २४० किंवा ३२० नं हलक्या हातानं काढायचे आणि पुन्हा एकदा ओलं करायचं. हे घरी केलं नाही तर पहिल्या धुण्यात ते आपोआप होतं आणि मग दोष लाकडाला जातो. आणि हो, मास्क लावा. लाकडाचा बारीक भुसा कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या गोष्टींच्या आंतरराष्ट्रीय यादीत १९९५ पासून अगदी पहिल्या गटात आहे. मला हे कळलं तेव्हा मी दोन उलथण्यांचा भुसा आधीच नाकात भरून घेतला होता.

तेलाच्या बाबतीतही असाच शहाणपणा केला. खायच्या वस्तूला खायचंच तेल बरं, असं वाटून स्वयंपाकाचं तेल चोळलं. तीन आठवड्यांनी ड्रॉवर उघडला की खवट वास. तेलांमध्ये दोन जाती आहेत. स्वयंपाकाची बहुतेक तेलं लाकडात नीट वाळत नाहीत, चिकट राहतात आणि खवट होतात. जवसाचं किंवा टंग नावाच्या झाडाच्या बियांचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन खरोखर घट्ट होतं, लाकडात पापुद्रा धरतं. म्हणून आता जवसाचं कच्चं, शुद्ध तेल. 'बॉइल्ड' लिहिलेलं नको. ते लवकर वाळावं म्हणून त्यात बहुधा धातूंची रसायनं घातलेली असतात. पातळ थर द्यायचा, अर्ध्या तासानं जास्तीचं सगळं पुसून काढायचं, वाळू द्यायचं, पुन्हा. पूर्ण मुरायला काही आठवडे लागतात, घाई चालत नाही. ज्याला एवढा धीर नाही त्यानं औषधी प्रतीचं मिनरल ऑइल लावावं. ते खवट होत नाही, पण वाळतही नाही, त्यामुळे धुतलं जातं आणि परत परत लावावं लागतं.

एक इशारा मात्र गंभीरपणे. जवसाच्या तेलाचं फडकं चुरगाळून डब्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं आणि घडीत कोंडलेली ती उष्णता फडक्याला आपोआप आग लावू शकते. मी फडकं पाण्यात भिजवतो आणि मग बाहेर दोरीवर एकेरी पसरून वाळवतो. बाबांना हा सगळा अंधविश्वास वाटतो. वाटो.

उलथणं जमल्यावर हात शिवशिवायला लागले. मग लाटणं. लाकूड फिरवून गोल करायचा चरक नाही, म्हणजे गोल काठी हातानंच करायची. इथे एक जुनी युक्ती आहे जी मला इतकी आवडली की मी गरज नसताना दोन लाटणी केली. चौकोनी काठीची अष्टकोनी काठी करायची तर चारी कोपरे नेमके किती तासायचे? प्रत्येक बाजूचे २४ भाग करा. ७, १०, ७ अशा खुणा घ्या. गणितानं बघितलं तर कोपऱ्यापासूनचं अंतर बाजूच्या ०.२९३ पट हवं आणि ७ भागिले २४ म्हणजे ०.२९२. हातानं मारलेल्या रंध्याला यापेक्षा जास्त अचूकता कशाला हवी? माझी काठी ३६ मिलिमीटरची होती, म्हणजे साडेदहा, पंधरा, साडेदहा. पण खरी गंमत अशी की भागाकार करावाच लागत नाही. पट्टी काठीवर तिरकी ठेवायची, शून्य एका कडेवर आणि २४ सेंटिमीटर दुसऱ्या कडेवर येईल अशी. मग ७ आणि १७ वर खुणा. काठी कितीही रुंद असो, उत्तर बरोबर.

अष्टकोन झाला की प्रत्येक कड सारखी मोडून सोळा बाजू, मग बत्तीस. त्यापुढे मोजत बसू नये. घासकागदाची पट्टी काठीभोवती घालून बूट पॉलिश केल्यासारखी ओढायची. डोळे मिटून काठी तळव्यांत फिरवली की उंचवटे सापडतात, डोळ्यांना दिसत नाहीत ते. पहिलं लाटणं ओट्यावर सोडलं तर सरळ जाण्याऐवजी वळून भिंतीकडे निघालं. एक टोक दीड मिलिमीटर बारीक. तेही आई वापरते, गोलाई आपोआप येते म्हणते. ही स्तुती आहे की नाही, मी विचारलं नाही.

चिरायच्या फळीचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे मी अजून शिकतोच आहे. तीन पट्ट्या अधूनमधून पाणी लागलं तरी टिकणाऱ्या, डी३ प्रतीच्या गोंदानं जोडल्या, रात्रभर क्लॅम्पमध्ये ठेवल्या. छान सपाट. आठवड्यानं ओट्यावर डुगडुगायला लागली. धुवून ती आडवी ठेवत होतो, त्यामुळे वरची बाजू वाळायची आणि खालची ओलीच राहायची. ओली बाजू फुगणार, फळी तिकडून पोट काढणार. लाकूड रुंदीत किती हलतं याची मला कल्पनाच नव्हती. ओल्याचं पूर्ण कोरडं होईपर्यंत ते रुंदीत शेकडा पाच ते दहा आकसू शकतं, लांबीत मात्र शेकडा ०.१ किंवा ०.२ इतकंच. आता फळी दोन्ही बाजूंनी धुतो, दोन्ही बाजूंना तेल लावतो आणि उभी वाळवतो. डुगडुग बरीचशी गेली.

फळीवरून वहिनीशी वादही झाला. लाकडात जंतू मुरतात, प्लॅस्टिकच बरं, असं तिचं मत. तिच्यासाठी मी शोधलं. डीन क्लिव्हर आणि सहकाऱ्यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठात नेमकं हेच तपासलं होतं, १९९४ मध्ये ते छापून आलं. लाकडाच्या पृष्ठभागावरून जंतू आत शोषले जातात आणि थोड्या वेळानं वरून पुन्हा मिळणारे जिवंत जंतू खूपच कमी असतात. उलट सुरीचे चरे पडलेलं प्लॅस्टिक हातानं धुऊन नीट स्वच्छ होत नाही. वहिनीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे ते आत जाऊन मरतात? शी." ती अजून प्लॅस्टिकच वापरते. कच्च्या मांसाला वेगळी फळी ठेवायची, याबाबत मात्र आमचं एकमत आहे.

उलथण्याला आता वर्ष होईल. ते ओट्यावरच्या बरणीत उभं असतं, बाकीची उजवी मंडळी ड्रॉवरमध्ये. पात्याच्या कडेला हात लावला तर एक कोपरा अगदी थोडा मऊ झालेला जाणवतो. जुनं उलथणं अर्थातच टाकलेलं नाही.

परवा सकाळी बाबा लवकर उठले आणि स्वतःसाठी दूध तापवायला ठेवलं. ते भांड्याला लागायला लागलं तसा त्यांनी बरणीत हात घातला, मिळालं ते उलथणं घेतलं आणि ढवळायला लागले. दोनदा खरवडलं. थांबले. उलथणं उलटं केलं, परत सुलटं केलं, चष्मा वर करून पात्याकडे बघितलं.

"अरे, हे उलटं केलंयस तू," ते मला म्हणाले.

आई टेबलाशी पेपर वाचत होती. तिनं मान वर केली नाही.

"होईल सवय," ती म्हणाली.